महागडं क्रोमबुक घ्यावं का? पैसे मोजण्याआधीची तपासणी, टप्प्याटप्प्याने

क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोमओएस प्रणालीवरचा आणि जवळजवळ फक्त ब्राउझरवर चालणारा लॅपटॉप, घेताना बहुतेकांची सुरुवातच उलट्या टोकाने होते. आधी मशीन आवडतं. धातूची बॉडी, सुरेख स्क्रीन, उघडताक्षणी चालू. पैसे भरून मशीन घरी येतं, आणि मग कळतं की डिजिटल सहीचा (डीएससी) टोकन चालत नाही, जुना प्रिंटर ओळखला जात नाही, ऑफिसच्या एक्सेल फाइलमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, चालत नाहीत. मशीनमध्ये खोट नसते, क्रम चुकलेला असतो. कामांची यादी आधी, चाचणी त्यानंतर आणि मशीन सगळ्यात शेवटी, असा क्रम हवा.

हा लेख महागड्या क्रोमबुकविषयी आहे. म्हणजे ज्या किमतीत चांगला विंडोज लॅपटॉप किंवा मॅकबुक एअर येऊ शकतो, त्या किमतीचं क्रोमबुक. स्वस्त क्रोमबुक चुकलं तर थोड्यात भागतं. इथे चूक महाग पडते, म्हणून खालचे टप्पे एकही न गाळता, दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या तीन टप्प्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि निम्म्याहून अधिक निर्णय तिथेच लागतो.

टप्पा १ : वर्षभराच्या कामांची यादी

वही घ्या आणि चार रकाने आखा: काम, ते आज कशात करता, किती वेळा येतं, ब्राउझरमध्ये होतं का. चौथा रकाना आत्ता रिकामा ठेवा.

ही यादी आठवड्याची करू नका, वर्षाची करा. ईमेल, व्हिडिओ कॉल, बँक, यूट्यूब, गूगल डॉक्स ही कामं सगळ्यांनाच आठवतात आणि ती क्रोमबुकवर उत्तम चालतात. मार्चअखेर, जुलैमधलं आयकर विवरणपत्र, मुलांचे प्रवेशअर्ज, निविदा, जमिनीची कागदपत्रं ही कामं यादीतून निसटतात, आणि नेमकी तिथेच अडचण येते. मागच्या वर्षभराचे ईमेल आणि डाउनलोड फोल्डर एकदा वरपासून खालपर्यंत चाळा, म्हणजे विसरलेली कामं सापडतील.

आपल्याकडे हमखास अडणाऱ्या जागा अशा:

*डिजिटल सही.* डीएससीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर आणि सही करणारं छोटं सॉफ्टवेअर संगणकात बसवावं लागतं. ते विंडोजसाठी असतं, काही वेळा मॅकसाठीही. क्रोमबुकवर ते बसवता येत नाही. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या पोर्टलवर निविदा भरणारे, कंपनी किंवा एलएलपीचं जीएसटी विवरणपत्र भरणारे यांनी इथेच थांबावं, किंवा त्या कामापुरतं दुसरं मशीन ठेवायची तयारी ठेवावी. प्रोप्रायटर असाल तर जीएसटीचं काम ओटीपीवर भागतं. वैयक्तिक आयकर विवरणपत्रही पोर्टलवर ऑनलाइन भरून आधारच्या ओटीपीने पडताळता येतं. आयकर खात्याची डाउनलोड करून वापरायची ऑफलाइन युटिलिटी मात्र क्रोमबुकवर चालणार नाही.

*टॅली.* टॅलीप्राइम हे हिशेबाचं, विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर आहे. क्लाउडवर दुसऱ्याच्या सर्व्हरवर ते चालवून ब्राउझरमधून वापरता येतं, पण त्याचं भाडं वेगळं. दिवसभर टॅलीत बसणाऱ्याने महागडं क्रोमबुक घेऊ नये. मी यात अपवाद करत नाही.

*एक्सेल.* साध्या शीट, फिल्टर, पिव्होट वेबवर होतात. व्हीबीए या एक्सेलच्या भाषेत लिहिलेले मॅक्रो वेबवरच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत, आणि गूगल शीट्समध्ये ते नव्याने लिहावे लागतात. तुमच्या फायलींच्या नावाच्या शेवटी एक्सएलएसएम दिसतं का, ते शोधा. दिसलं तर ती फाइल कोण बनवतं आणि किती वेळा येते, तेही वहीत नोंदवा.

*मराठी मजकूर.* युनिकोडमध्ये लिहीत असाल तर चिंता नाही. पण श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये साठवलेल्या फायली असतील, तर त्या क्रोमबुकवर उघडल्यावर मराठीच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसेल. त्या आधी विंडोजवरच युनिकोडमध्ये करून घ्या. दुसरी अडचण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सरकारी अर्ज आणि कोर्टाची कागदपत्रं बऱ्याचदा मंगल फाँटमध्ये असतात. मंगल मायक्रोसॉफ्टचा फाँट आहे. तो नसला की त्याच्या जागी दुसरा देवनागरी फाँट बसतो, ओळी सरकतात, दोन पानांचा अर्ज अडीच पानांवर जातो आणि सहीची जागा पुढच्या पानावर पडते. ज्यांना दुसऱ्याच्या वर्ड फाइलमध्ये भर घालून परत पाठवावी लागते, त्यांनी हे अडथळा म्हणूनच लिहून ठेवावं.

*ई-आधार, डिजिटल सातबारा.* हे पीडीएफ उघडतात, छापताही येतात. पण त्यांवरची डिजिटल सही खरी असल्याची हिरवी खूण क्रोमच्या पीडीएफ खिडकीत मिळत नाही. त्यासाठी डेस्कटॉपवरचा अॅक्रोबॅट रीडर लागतो. नुसती प्रत द्यायची असेल तर काही बिघडत नाही. बँकेत किंवा वकिलाला पडताळणी केलेली प्रत हवी असेल तर अडतं.

*बायोमेट्रिक.* आपले सरकार सेवा केंद्र किंवा तत्सम काम असेल, तर अंगठ्याच्या यंत्रामागे आरडी सर्व्हिस नावाचं छोटं सॉफ्टवेअर लागतं. ते विंडोजवर किंवा अँड्रॉइड फोनवर बसवतात. क्रोमबुक या कामाचं नाही.

*प्रिंटर.* वायफायवर चालणारे अलीकडचे प्रिंटर बहुधा आपोआप सापडतात. स्वतःचा खास ड्रायव्हर मागणारे जुने यूएसबी लेझर प्रिंटर चालत नाहीत. आपल्याकडे असंख्य दुकानांत आणि कचेऱ्यांत असलेला कॅननचा एलबीपी २९०० त्यातलाच. क्रोमओएसमध्ये बाहेरचा ड्रायव्हर टाकायची सोयच नाही, म्हणून 'ड्रायव्हर शोधून टाकू' हा उपाय डोक्यातून काढा.

*परीक्षा.* घरून द्यायच्या बऱ्याच ऑनलाइन परीक्षांना स्वतःचा बंदिस्त ब्राउझर लागतो आणि तो विंडोजसाठी असतो. घरात कुणी अशा परीक्षा देणार असेल तर त्या संस्थेची सूचनापत्रिका आत्ताच काढून वाचा.

व्हिडिओ संकलन, ऑटोकॅड, मोठे गेम ही कामं गंभीरपणे करणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं. गेम विकणाऱ्या स्टीमची क्रोमबुकसाठी चाचणी आवृत्ती (बीटा) होती, तीही १ जानेवारी २०२६पासून बंद झाली.

> तपासा : प्रत्येक कामापुढे 'रोज', 'आठवड्याला', 'वर्षातून एकदोनदा' यांपैकी एक लिहिलं आहे का? वर्षातून एकदा अडणारं काम सीए, सायबर कॅफे किंवा भावाच्या लॅपटॉपवर होऊन जातं. आठवड्याला अडणारं काम तुम्हाला दोन मशीन सांभाळायला लावेल. रोजचं एक जरी काम अडत असेल तर पुढचे टप्पे करायची गरज नाही.

टप्पा २ : आहे त्याच लॅपटॉपवर फक्त ब्राउझर

आता चौथा रकाना भरायचा. आहे त्या मशीनवर क्रोममध्ये नवीन प्रोफाइल उघडा आणि दोन आठवडे सगळं काम त्यातच करा. वर्ड, एक्सेल, आउटलुक, फोटोशॉप यांचे शॉर्टकट डेस्कटॉपवरून काढून एका फोल्डरमध्ये टाका. सॉफ्टवेअर उडवू नका. फक्त ते हाताशी नको, म्हणजे सवयीने क्लिक होणार नाही.

ब्राउझर सोडून बाहेर जावं लागलं की त्याच क्षणी वहीत नोंद करा. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद खोटी निघते, कारण दोन मिनिटांच्या छोट्या अडचणी तोवर विसरलेल्या असतात. आणि रोजची चिडचिड त्याच छोट्या अडचणींची असते: झिप फाइल, पीडीएफची पानं जोडणं, फोटो पासपोर्टच्या आकारात कापून वीस केबीच्या आत बसवणं.

या दोन आठवड्यांत एक दिवस मुद्दाम इंटरनेट बंद करून बघा. आपल्याकडे वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बसतो. गूगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ऑफलाइनचा पर्याय आधीच चालू करावा लागतो, आणि हव्या त्या फायलींवर 'ऑफलाइन उपलब्ध' ही खूण करावी लागते. इंटरनेट गेल्यावर ही सोय करता येत नाही. मग फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि त्यावर तासभर व्हिडिओ कॉल करून किती डेटा खर्च झाला ते फोनमध्ये बघा. गावी राहणाऱ्यांनी किंवा महिन्यातले काही दिवस गावी काढणाऱ्यांनी ही चाचणी तिथे जाऊन करावी. पुण्यातल्या फायबरवर झालेली चाचणी कोकणातल्या घराविषयी काहीच सांगत नाही.

> इशारा : दोन आठवड्यांत एकदाही अडलं नाही, याचा अर्थ महागडं क्रोमबुक घ्या असा होत नाही. तुमचं काम ब्राउझरमध्ये होतं, इतकंच सिद्ध झालं. ते विंडोजवरच्या आणि मॅकवरच्या ब्राउझरमध्येही होतंच.

टप्पा ३ : पेनड्राइव्हवरून क्रोमओएस फ्लेक्स

क्रोमओएस फ्लेक्स ही क्रोमओएसची, इतर लॅपटॉपवर चालणारी आवृत्ती गूगल मोफत देतं. ती जुन्या विंडोज लॅपटॉपवर किंवा इंटेलच्या मॅकवर चालते आणि लॅपटॉपवरचं काहीही न पुसता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. क्रोमबुक विकत न घेता क्रोमबुक वापरण्याच्या इतकं जवळ दुसरं काही नेत नाही, आणि तरी बहुतेक जण हा टप्पा गाळतात.

लागणारं सामान: इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिटचा लॅपटॉप, किमान ४ जीबी रॅम, आणि ८ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आत लग्नाचे फोटो नाहीत ना, बघून घ्या.

१. क्रोममध्ये 'क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी' हे एक्स्टेन्शन घ्या.
२. मॉडेलच्या यादीतून क्रोमओएस फ्लेक्स निवडा, पेनड्राइव्ह लावा, फाइल तयार होऊ द्या.
३. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना बूटची कळ दाबत राहा. एचपीवर बहुधा एफ ९, डेल आणि लेनोवोवर एफ १२.
४. पेनड्राइव्ह निवडा. पडद्यावर दोन पर्याय येतील: इन्स्टॉल करा, किंवा आधी वापरून बघा. दुसराच निवडा.

> इशारा : इन्स्टॉलवर क्लिक केलं की लॅपटॉपची संपूर्ण डिस्क पुसली जाते. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल, तर बायोसच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या, सेटिंगला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर उतरवून ठेवा. पुढच्या वेळी विंडोज ती मागू शकतं.

पेनड्राइव्हवरून वेग कमी वाटेल, त्यावरून मत बनवू नका. बघायचं ते वेगळंच. प्रिंटर सापडतो का? पुरवठादार किंवा ऑफिसने दिलेली वेबसाइट नीट उघडते का? मराठी टायपिंगला तुमच्या सवयीचा आराखडा मिळतो का? इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर बसलेला हात आणि रोमनमधून मराठी लिहिणारा हात, दोघांची गरज निराळी. सेटिंगमध्ये इनपुट पद्धत जोडा आणि हे शब्द टाइप करून बघा: दऱ्याखोऱ्या, कर्तृत्व, वाङ्मय, ज्ञानेश्वर, ऑफिस, ॲप, बाळ. 'ऱ्या' आणि 'ॲ' सहज आले तर बाकीचं सगळं येतं. दिवसभर मराठी लिहिणाऱ्याला मी ही चाचणी बाकी सगळ्याच्या वर ठेवायला सांगेन.

एक फरक ध्यानात ठेवा. फ्लेक्सवर प्ले स्टोअर नाही, त्यामुळे अँड्रॉइड ॲप इथे तपासता येणार नाहीत. खऱ्या क्रोमबुकवर ती मिळतात. पण एखादं अत्यावश्यक काम केवळ अँड्रॉइड ॲपवरच अवलंबून असेल, तर लॅपटॉपच्या पडद्यावर ते ॲप नीट चालेलच असं धरून चालू नका.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरात असा लॅपटॉप पडून असेल आणि फ्लेक्स त्यावर बरं चाललं, तर कदाचित खरेदीच टळेल. तसं झालं तर आनंदाने पैसे वाचवा.

टप्पा ४ : आधी अपडेटची तारीख, मग किंमत

आता कुठे मशीन बघायचं. पण सुरुवात स्क्रीनपासून करू नका, तारखेपासून करा.

प्रत्येक क्रोमबुकला आपोआप अपडेट मिळण्याची अखेरची तारीख ठरलेली असते. त्यानंतर मशीन चालू राहतं, पण सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, आणि ज्याचं सगळं आयुष्य ब्राउझरमध्ये आहे त्याच्यासाठी जुना ब्राउझर म्हणजे बँकेच्या खात्यालाच धोका. गूगलने सप्टेंबर २०२३मध्ये ही मुदत दहा वर्षांची केली. दहा वर्षं तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत. ती प्रोसेसर आणि बोर्डचा तो प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेल्या मशीनची दोन वर्षं गेलेलीच असतात.

महागडं मशीन जास्त वर्षं चालतं हा समजही काढून टाका. २०१३मध्ये गूगलने १,२९९ डॉलरला विकायला काढलेल्या क्रोमबुक पिक्सेलचे अपडेट २०१८मध्ये थांबले. तेव्हा मुदत लहान होती. मुद्दा हा की किमतीने तारीख लांबत नाही.

तारीख शोधायला गूगलच्या मदत-पानावर कंपनीनिहाय यादी आहे. मशीन हातात असेल तर सेटिंगमध्ये 'क्रोमओएसविषयी', मग अतिरिक्त तपशील, आणि तिथे अपडेटचं वेळापत्रक.

मग साधा भागाकार करा. समजा ८०,००० रुपयांच्या मशीनची आठ वर्षं शिल्लक आहेत. म्हणजे वर्षाला १०,०००. तसंच दिसणारं जुनं मॉडेल सवलतीत ६०,०००ला मिळतंय, पण वर्षं चारच उरलीत. वर्षाला १५,०००. स्वस्त वाटलेलं मशीन दीडपट महाग निघालं. यात क्लाउडवरच्या जागेचं भाडं मिळवा, कारण गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि तीत जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळंच येतं. खोक्यासोबत वर्षभराचं सदस्यत्व फुकट मिळत असेल तर ते किमतीतून वजा करू नका. दुसऱ्या वर्षी ते तुमच्याच खिशातून जाणार आहे.

> तपासा : याच पैशांत येणारा विंडोज लॅपटॉप किंवा मॅकबुक एअर शेजारी ठेवा. क्रोमबुकच्या बाजूने कोणत्या दोन गोष्टींसाठी तुम्ही जास्तीची मुभा सोडताय, ते वहीत लिहा. 'अपडेट पाठीमागे होतात, काम थांबत नाही', 'बिघडलं तर अर्ध्या तासात कोरं करून पुन्हा उभं करता येतं', 'घरातल्यांच्या हातून काही भलतं इन्स्टॉल होत नाही' ही खरी कारणं आहेत. दोन कारणं लिहिता आली नाहीत तर दुसरा लॅपटॉप घ्या.

आणखी एक गोष्ट. जुलै २०२५मध्ये गूगलच्या अँड्रॉइड विभागाचे वरिष्ठ अधिकारी समीर सामत यांनी सांगितलं की क्रोमओएस आणि अँड्रॉइड एकाच प्लॅटफॉर्ममध्ये आणले जाणार आहेत. तुमचं मशीन पुढे कसं दिसेल यावर कुणी दुकानदार हमी देऊ शकत नाही. आज जे चालतंय त्यावर आणि छापील तारखेवर पैसे द्या, पुढच्या सोयींच्या आश्वासनावर नको.

टप्पा ५ : जास्तीचे पैसे कुठे जावेत

माझं मत स्पष्ट आहे. जो माणूस दिवसाचे सहासात तास ब्राउझरमध्ये वाचतो, लिहितो, बोलतो त्यालाच महागडं क्रोमबुक परवडतं: भाषांतरकार, पत्रकार, ऑनलाइन शिकवणारे, आणि ज्यांचं ऑफिसचं विंडोज दूरच्या सर्व्हरवर असून पडद्यावर फक्त त्याची खिडकी उघडायची असते ते. आईवडिलांसाठी, शाळेतल्या मुलासाठी किंवा दुसरं मशीन म्हणून महागडं घेऊ नका. त्यांना मधल्या किमतीचं पुष्कळ होतं.

मधली पायरी ओळखायला एक खूण आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३मध्ये 'क्रोमबुक प्लस' असा शिक्का आणला. त्यासाठी किमान ८ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण, फुल एचडी आयपीएस स्क्रीन, १०८०पी कॅमेरा आणि इंटेलच्या १२व्या पिढीचा आय ३ किंवा एएमडीचा रायझन ३ ७००० मालिकेतला, किंवा त्यांहून वरचा प्रोसेसर असे निकष ठेवले. बहुतेकांची गरज इथे संपते. याच्या वर जायचं असेल तर पैसे या क्रमाने टाका:

पहिलं स्क्रीन. उभी जागा जास्त देणारी, १६:१० किंवा ३:२ प्रमाणाची, आणि खिडकीजवळ बसून वाचता येईल इतकी उजळ. दुसरं कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड. तिसरं १६ जीबी रॅम, कारण ती बोर्डाला जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. पंखा नसलेलं मशीन मिळालं तर ध्वनिमुद्रण करणाऱ्याला आणि वर्ग घेणाऱ्याला फार सुखाचं. टच, पेन, मागे वळणारी स्क्रीन यांना शेवटचं स्थान द्या. प्रोसेसरची वरची पायरी आणि ५१२ जीबी साठवण यांना, लिनक्समध्ये प्रोग्रामिंग करत नसाल तर, पैसे देऊ नका.

टप्पा ६ : दुकानात, परदेशातून, की वापरलेलं

दुकानात गेस्ट म्हणून ब्राउझ करायचा पर्याय उघडायला सांगा. स्वतःच्या खात्याने साइन-इन करू नका. दहा मिनिटं खरंखुरं टाइप करा. इथे एक गोष्ट हाताला लगेच जाणवेल: बहुतेक क्रोमबुकांवर कॅप्स लॉकच्या जागी लाँचरची (ॲपची यादी उघडणारी) कळ असते, आणि डिलीट, होम, एंड या स्वतंत्र कळाच नसतात. डिलीटसाठी लाँचर आणि बॅकस्पेस एकत्र दाबायचे. मजकुरावर काम करणाऱ्याला सुरुवातीला हे फार टोचतं. सवय होते, पण आधी माहीत हवं. साठवण ईएमएमसी (संथ, स्वस्त) आहे की एनव्हीएमई (वेगवान), हेही विचारा. महागड्या मशीनमध्ये ईएमएमसी दिसली तर पुढे चला.

आपल्याकडच्या दुकानांत वरच्या किमतीची क्रोमबुकं कमी दिसतात, म्हणून बरेच जण अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला सांगतात. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. पण वॉरंटी भारतात लागू आहे का, हे त्या मॉडेलच्या वॉरंटीपत्रात वाचल्याशिवाय पैसे पाठवू नका. स्क्रीन किंवा बोर्ड गेला तर महाग मशीनचा सुटा भाग इथे मिळणं अवघड असतं. शिवाय दुकानाची परत घेण्याची मुदत नातेवाइकाचं विमान उतरेपर्यंत संपलेली असते.

> इशारा, वापरलेल्या मशीनसाठी : शाळा-कंपन्यांनी काढून टाकलेली क्रोमबुकं बाजारात येतात. पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर मशीन कोरं करून पुन्हा सुरू करा. 'हे मशीन अमुक संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे' असा पडदा आला तर मशीन परत द्या. ती नोंदणी संस्थेनेच काढावी लागते, तुम्हाला कधीच काढता येणार नाही. २०२१च्या आधीच्या मॉडेलवर वाढीव अपडेट स्वतः चालू करावे लागतात आणि त्या बदल्यात अँड्रॉइड ॲप जाऊ शकतात, हेही विचारात घ्या.

टप्पा ७ : पहिल्या दिवशी, याच क्रमाने

१. पहिलं साइन-इन मालकाचं. ज्या खात्याने पहिल्यांदा साइन-इन होतं ते मशीनचं मालक खातं ठरतं, आणि मशीन कोरं केल्याशिवाय ते बदलत नाही. दुकानातल्या मुलाला 'सेट करून द्या' म्हणू नका. मुलाच्या शाळेच्या किंवा ऑफिसच्या खात्यानेही सुरुवात करू नका.

२. अपडेट. लगेच तपासा, रीस्टार्ट करा, पुन्हा तपासा. एकामागून एक येतात.

३. खात्याची कुलपं. इथे गूगल खातं गेलं म्हणजे सगळंच गेलं. रिकव्हरीचा फोन नंबर चालू आहे ना बघा, दुहेरी पडताळणी लावा, बॅकअप कोड छापून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. फोनवरून पासवर्ड बदललात तर क्रोमबुक पुढच्या वेळी जुना पासवर्ड मागू शकतं, कारण आतला डेटा त्यानेच बंद केलेला असतो. म्हणून बदललेला जुना पासवर्डही काही दिवस जपून ठेवा.

४. डाउनलोड फोल्डर. यातल्या फायली ड्राइव्हवर आपोआप जात नाहीत. मशीन कोरं केलं की त्या गेल्या. डाउनलोडची जागा सेटिंगमधून बदलून ड्राइव्हमधलं एखादं फोल्डर द्या.

५. प्रिंटर, मराठी इनपुट, ऑफलाइन फायली. टप्पा ३मध्ये तपासलेलं सगळं इथे पुन्हा एकदा, खऱ्या मशीनवर.

टप्पा ८ : परत देण्याची मुदत संपण्याआधी

पहिल्या टप्प्याची वही काढा आणि वर्षाची यादी नव्या मशीनवर एकेक करून तपासा. जुलैचं काम जुलैपर्यंत थांबवू नका. आयकर पोर्टल आज उघडून लॉगिनपर्यंत जा, मागच्या वर्षीचं विवरणपत्र डाउनलोड करा, छापा. सगळ्यात मोठी शीट उघडा, वीसेक टॅब उघडे ठेवा आणि वर व्हिडिओ कॉल चालू करा. बॅटरी एकदा पूर्ण उतरवा.

मग मशीन मुद्दाम कोरं करा. साइन-आउट होऊन कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर एकदम दाबा, पॉवरवॉश (मशीन कोरं करण्याचा पर्याय) निवडा, पुन्हा साइन-इन करा. काय काय परत आलं आणि काय आलं नाही ते लिहा. जे परत आलं नाही ते फक्त मशीनवर होतं, त्याची वेगळी सोय करा. हा प्रयोग मशीन नवं असताना, आत काही नसताना करायचा. वर्षाने, घाईत, ऐन कामाच्या दिवशी तो करावा लागला तर फार जड जातो.

शेवटी गूगल टेकआउट या, आपला डेटा उतरवून देणाऱ्या सेवेवरून तुमच्या ड्राइव्ह आणि जीमेलची पूर्ण प्रत मागवा आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. हार्ड डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या, म्हणजे क्रोमबुक, विंडोज आणि मॅक तिन्हींवर उघडेल. दर तीन महिन्यांनी ही प्रत नव्याने घ्यायची आठवण कॅलेंडरमध्ये आजच टाका.